साडेपाचचा दाखला देऊन मुलांना ॲसिड लावू नका

लहान मुलांच्या त्वचेसाठी ॲसिडयुक्त लोशनं आणि घरगुती लेप सुचवणाऱ्यांच्या तोंडी एक युक्तिवाद हमखास असतो. माणसाची त्वचा मुळातच आम्लधर्मी आहे, तिचा सामू, म्हणजे पीएच, साडेपाचच्या आसपास असतो. मग आम्ल तिला परकं कसं? लॅक्टिक ॲसिड दह्यात असतं, सायट्रिक लिंबात, ग्लायकोलिक उसात. जे पोटाला चालतं ते कातडीला का चालू नये? दीड-दोन वर्षांच्या मुलाचे खरखरीत दंड, काळवंडलेले गुडघे किंवा गालावरचे फिकट डाग पाहून काळजीत पडलेल्या आईबापांना दुकानात आणि मोबाइलच्या पडद्यावर हेच ऐकवलं जातं. ऐकायला ते शास्त्रीय वाटतं. त्यातलं पहिलं वाक्य तर पूर्ण खरं आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि त्याची किंमत ज्या जिवाला मोजावी लागते त्याला 'झोंबतंय' एवढंही नीट सांगता येत नाही.

आधी खऱ्या भागाबद्दल. हाइनरिख शाडे आणि आल्फ्रेड मार्किओनिनी या जर्मन डॉक्टरांनी १९२८ साली त्वचेच्या या आम्लधर्मी आवरणाचं वर्णन केलं, तेव्हापासून ते वैद्यकात रूढ आहे. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या त्वचेचा सामू उदासीनच्या, म्हणजे सातच्या, जवळ असतो. पुढच्या काही दिवसांत आणि आठवड्यांत तो उतरत जातो. हे आम्ल बाहेरून येत नाही, त्वचा ते स्वतः तयार करते. घामात लॅक्टिक ॲसिड असतं. तेलग्रंथींतल्या स्निग्ध पदार्थांपासून मेदाम्लं सुटतात. वरच्या थरातलं फिलॅग्रिन नावाचं प्रथिन तुटून युरोकॅनिक ॲसिड आणि पायरोलिडोन कार्बोक्सिलिक ॲसिड बनतं. ज्या मुलांना हे प्रथिन जन्मतःच कमी मिळतं त्यांची त्वचा कोरडी पडते आणि त्यांच्यात ॲटॉपिक एक्झिमाचं प्रमाण जास्त दिसतं. हा संबंध २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी उलगडला.

ही आम्लता कामाची असते. पेशींच्या मधली चरबी बांधणारी विकरं तिच्यामुळेच नीट चालतात. पेशींना एकमेकींपासून सोडवणारी विकरं तिच्यामुळे आटोक्यात राहतात, आणि पुरळ पिकवणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूला फोफावायला अडचण होते. लंगोटाच्या जागी हे उलट्या बाजूनं दिसतं. लघवीतून अमोनिया सुटला की तिथला सामू चढतो, विष्ठेतली विकरं जोर धरतात आणि कातडी लाल होऊन सोलवटते.

म्हणजे आम्लता हवीच. प्रश्न असा की ती बिघडवतं कोण? आपल्या घरांत याचं उत्तर बहुतेक वेळा साबण हे असतं. २०१४ साली भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात बाजारातल्या अंघोळीच्या साबणांची तपासणी प्रसिद्ध झाली; बहुतेकांचा सामू ९ ते १० च्या दरम्यान निघाला. साडेपाचची खरोखर चिंता असेल तर आधी ती साबणाची वडी बदलायला सांगायला हवं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये मुलांच्या त्वचेच्या निगेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांचाही भर सौम्य, साबणविरहित क्लेन्झर आणि साध्या मॉइश्चरायझरवर आहे. साबण तसाच ठेवून वरून आम्लाचं लोशन चोळायला सांगणारा माणूस साडेपाचचं नाव घेत असला तरी साडेपाचसाठी काहीही करत नसतो.

आता युक्तिवादातली खरी गफलत. सामूची मोजपट्टी सरळ चढत नाही. तिच्यावरचा एक आकडा म्हणजे दहा पटींचा फरक. लिंबाच्या रसाचा सामू दोन ते अडीच असतो, त्वचेचा साडेपाच. हा फरक तीन आकड्यांचा दिसतो, पण आम्लतेत तो हजार पटींचा किंवा त्याहून मोठा आहे. दोन्ही आम्लधर्मीच, म्हणून दोन्ही सारखे, हे म्हणणं इथेच कोसळतं.

याहून महत्त्वाचा मुद्दा मुक्त आम्लाचा आहे. ग्लायकोलिक ॲसिड सुमारे ३.८ सामूला निम्मं मुक्त असतं आणि निम्मं क्षाररूपात. द्रावणाचा सामू ३ वर आणला तर ते जवळपास ८७ टक्के मुक्त होतं. साडेपाचवर ठेवला तर जेमतेम २ टक्के उरतं. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचे बंध सैल करण्याचं, म्हणजे कातडी सोलण्याचं काम मुख्यतः हा मुक्त भाग करतो. म्हणून एखादं उत्पादन 'त्वचेच्या सामूचं' असेल तर त्यातलं ॲसिड सोलण्याचं काम फारसं करणार नाही. आणि ते सोलण्याचं काम करत असेल तर ते त्वचेच्या सामूचं असणार नाही. मुलांसाठीच्या जाहिरातीत दोन्ही दावे एकाच वाक्यात आले, तर त्यातला एक खोटा आहे हे वाचकानं तिथेच ओळखावं.

मोठ्यांसाठीसुद्धा ही ॲसिडं बिनशर्त मान्य झालेली नाहीत. अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांतल्या घटकांचा आढावा घेणाऱ्या तज्ज्ञमंडळानं १९९८ साली ग्लायकोलिक आणि लॅक्टिक ॲसिडला ग्राहकांच्या वापरासाठी मान्यता दिली ती १० टक्क्यांपर्यंत, सामू साडेतीनच्या खाली नसताना आणि उन्हापासून संरक्षणाची सूचना असेल तर. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं करवलेल्या अभ्यासात चार आठवडे १० टक्के ग्लायकोलिक लावणाऱ्यांची त्वचा अतिनील किरणांनी लाल होण्याची प्रवृत्ती १८ टक्क्यांनी वाढली, आणि पेशींचं नुकसान होण्याची प्रवृत्ती सरासरी दुप्पट झाली. वापर थांबवल्यावर आठवड्याभरात ती पूर्ववत झाली, पण जानेवारी २००५ मध्ये त्या प्रशासनानं अशा उत्पादनांवर उन्हाचा इशारा छापण्याची सूचना काढलीच. हे सगळं प्रौढांबद्दल आहे. दुपारभर अंगणात किंवा गच्चीवर खेळणाऱ्या, टोपी डोक्यावर पाच मिनिटंही न ठेवणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाला हा हिशेब लावून पाहावा.

इथे समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा टाळून चालणार नाही. १२ टक्के लॅक्टिक ॲसिडची औषधी मलमं मुलांना दिली जातातच की, असं ते म्हणतात. हे खरं आहे. अमोनियम लॅक्टेटच्या १२ टक्के क्रीमची सुरक्षितता दोन वर्षांच्या मुलांपर्यंत तपासली गेली आहे, आणि इक्थिऑसिससारख्या, म्हणजे त्वचा माशाच्या खवल्यांसारखी होण्याच्या, विकारात त्याचा चांगला उपयोग होतो. पण त्या औषधाची घडण पाहा. त्यातलं लॅक्टिक ॲसिड अमोनियानं शमवून सामू ४.५ ते ५.५ वर आणलेला असतो. पाच सामूला त्यातला मुक्त आम्लाचा भाग एकूण वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. उरलेलं लॅक्टेट पाणी धरून ठेवण्याचं काम करतं. तरीही ते चिरलेल्या, सोललेल्या कातडीवर झोंबतं, आणि उन्हाची खबरदारी त्यालाही लागू आहे. म्हणजे निदान झालेला आजार, ठरवलेला सामू, मुलांवर केलेली तपासणी आणि लक्ष ठेवणारा डॉक्टर, एवढं सगळं जमलं तेव्हा ते औषध दिलं गेलं. बाटलीवर सामू न छापलेल्या, 'बाळाच्या चमकदार त्वचेसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या लोशनाला या औषधाचं नाव पुढे करायचा काहीच अधिकार नाही.

मग मुलांच्या त्वचेत वेगळं काय? २०१० साली ३ ते २४ महिन्यांची मुलं आणि त्यांच्या आया यांच्या त्वचेची सूक्ष्मदर्शकानं तुलना झाली. मुलांच्या त्वचेचा सर्वांत वरचा थर आयांपेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी पातळ निघाला. त्यात शरीराच्या मापाचा प्रश्न मिसळतो. ६० किलोच्या बाईच्या वाट्याला दर किलोमागे जेवढी कातडी येते, त्याच्या दीडपटीहून अधिक १२ किलोच्या मुलाच्या वाट्याला येते. नवजात बाळात हे प्रमाण अडीच पटींच्या घरात जातं. तेच लोशन तेवढ्याच जाडीनं अंगभर लावलं तरी मुलाच्या रक्ताला पोचणारा हिस्सा मोठा ठरतो.

शिवाय सगळी कातडी सारखी शोषत नाही. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन वापरून दाखवलं की कपाळ हाताच्या तुलनेत सहा पट शोषतं, जबड्याची कडा तेरा पट आणि वृषणाची त्वचा बेचाळीस पट. हे मोजमाप प्रौढ पुरुषांवर झालं होतं. मुलाच्या बाबतीत हीच जागा दिवसरात्र डायपरखाली दमट आणि झाकलेली असते, आणि झाकलेली कातडी आणखी शोषते. हात तोंडात, मग डोळ्यांवर, हेही या वयात अटळ आहे.

'झोंबलं नाही, म्हणजे चालतं' ही कसोटी तर सगळ्यांत धोक्याची. कॅरमबोर्डावर सोंगट्या सरकायला लागते ती बोरिक पावडर महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. बोरिक ॲसिड इतकं सौम्य आम्ल आहे की ते कातडीला जवळपास टोचतच नाही. याच गुणामुळे ते पिढ्यान्पिढ्या बाळांच्या पावडरींत, मलमांत आणि डोळे धुण्याच्या पाण्यात राहिलं. लंगोटाच्या सोलवटलेल्या जागेतून ते रक्तात जात होतं. १९५३ साली माँट्रियलमधल्या ऑल्टन आणि रिचर्ड गोल्डब्लूम या पितापुत्र बालरोगतज्ज्ञांनी स्वतःच्या चार रुग्णांसह जगभर नोंदलेल्या १०९ बोरिक विषबाधांचा आढावा घेतला. त्यांतले निम्म्याहून अधिक रुग्ण दगावले होते, आणि त्यांत तान्ह्या मुलांचा भरणा मोठा होता. त्या मुलांच्या आयांनी काहीही निष्काळजीपणा केला नव्हता. औषधांच्या दुकानात उघड मिळणारी, सौम्य म्हणून नावाजलेली पावडर त्यांनी लावली होती. बाळांसाठीच्या उत्पादनांतून बोरिक ॲसिड निघालं ते एवढ्या मृत्यूंनंतर.

आम्लांच्या बाहेरचं, पण याच वाटेनं घडलेलं एक प्रकरण १९७२ सालचं, फ्रान्समधलं. 'टाल्क मोरांज' या बाळपावडरीच्या एका खेपेत कारखान्यातल्या चुकीनं हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक सहा टक्क्यांहून अधिक मिसळलं गेलं. दोनशेवर मुलं आजारी पडली, ३६ मेली. विष त्वचेतूनच आत गेलं होतं. बाळाची कातडी म्हणजे आरपार काही न जाऊ देणारी भिंत नव्हे, हे त्यानंतर कुणाला नव्यानं सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही.

सॅलिसिलिक ॲसिडबद्दल युरोपच्या कायद्यानं म्हणूनच स्पष्ट रेघ ओढली आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या प्रसाधनांत ते वापरायचं नाही. अपवाद फक्त शाम्पूचा, कारण तो धुतला जातो. हे ॲस्पिरिनच्या कुळातलं द्रव्य आहे. मुलांमध्ये यकृत आणि मेंदूवर घाला घालणाऱ्या राय सिंड्रोमशी ॲस्पिरिनचा संबंध दिसल्यावर ब्रिटननं १९८६ साली बारा वर्षांखालच्या मुलांना ते देणं थांबवलं. पुढे २००९ मध्ये हिरड्यांना लावायच्या सॅलिसिलेटच्या जेलही सोळा वर्षांखाली वापरू नयेत असा सल्ला तिथल्या औषध नियामकानं दिला. दात येताना बाळाच्या हिरडीवर बोटानं चोळायची ही जेल घराघरांत होती.

इथे अतिशयोक्तीही नको. २ टक्क्यांचं लोशन एकदा चुकून लागलं म्हणून मूल विषबाधेनं आजारी पडणार नाही. हिशेब असा आहे: दीड वर्षाच्या मुलाच्या सगळ्या अंगाला साधारण ७ ग्रॅम लोशन लागतं, त्यात १४० मिलिग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड येतं. ११ किलोच्या मुलाला ते किलोमागे सुमारे १३ मिलिग्रॅम झालं. सगळं आत मुरत नाही, काही भागच मुरतो. पण दिवसातून दोनदा, आठवडेच्या आठवडे, एक्झिमानं फाटलेल्या कातडीवर, वरून घट्ट कपडे, असं झालं की हा काही भाग वाढत जातो आणि साठतो. इक्थिऑसिस असलेल्या मुलांना अंगभर सॅलिसिलिक मलम चोळल्यावर सॅलिसिलेटची विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत: धाप, उलट्या, गुंगी. डोक्यावर खपल्या धरलेल्या तान्ह्या बाळालाही म्हणूनच हे ॲसिड लावत नाहीत. तेल लावून खपल्या मऊ करायच्या आणि मऊ ब्रशनं हळूच काढायच्या, एवढ्यावर ते भागतं. बहुतेक बाळांच्या खपल्या काही महिन्यांत आपोआपच जातात.

बाजारातल्या बाटलीला नाकं मुरडणारे पुष्कळजण स्वयंपाकघराकडे वळतात. लिंबाची अर्धी फोड साखर लावून कोपरावर, गुडघ्यावर, मानेवर घासायची. डाळीच्या पिठात दही आणि लिंबू कालवून लव जावी म्हणून अंगाला रगडायचं. यात काही वाईट होऊ शकेल असं घरातल्या कुणाच्या मनातही येत नाही. पण लिंबाच्या सालीत आणि रसात सोरालेन गटातली द्रव्यं असतात. ती कातडीवर राहिली आणि वर ऊन पडलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाल चट्टे, कधी पाण्याचे फोड येतात, आणि मागे काळे डाग महिनोन्महिने राहतात. रसाच्या ओघळासारखे किंवा बोटांच्या ठशासारखे उमटलेले हे डाग पाहून मुलाला मारहाण झाली असावी अशी शंका डॉक्टरांना आल्याची प्रकरणंही नोंदली गेली आहेत. काळेपणा घालवायला लावलेलं लिंबू काळे डाग देऊन जातं.

व्हिनेगरचं तेच. २००० साली तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी व्हिनेगर लावल्यानं नवजात बाळाची त्वचा भाजल्याचं प्रकरण प्रसिद्ध केलं. २०१२ मध्ये अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलाच्या मोलस्कम या त्वचासंसर्गाच्या फोडांवर सफरचंदाचं व्हिनेगर लावलं गेलं आणि त्याला रासायनिक भाजणं झालं. 'पातळ करून लावा' म्हणणाऱ्यांसाठी २०१९ चा एक अभ्यास आहे. त्यात २२ जणांनी, निम्मे एक्झिमाचे आणि निम्मे निरोगी, दोन आठवडे रोज दहा मिनिटं एक हात अर्धा टक्का व्हिनेगरच्या पाण्यात आणि दुसरा साध्या पाण्यात बुडवला. त्वचेचं आवरण सुधारलं नाही, आणि बहुतेकांना व्हिनेगरच्या हाताला त्रास झाला.

जे पोटाला चालतं ते कातडीला चालतं, या वाक्याचा निकाल २००३ मध्येच लागला आहे. गिडिअन लॅक आणि त्यांच्या ब्रिटनमधल्या सहकाऱ्यांनी शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांचा पूर्वेतिहास तपासला. त्यांच्यात तान्हेपणी पुरळ उठलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेल असलेली मलमं लावली गेल्याचा संबंध ठळकपणे पुढे आला. अन्न तोंडावाटे गेलं तर शरीर त्याला ओळख देतं; तेच सुजलेल्या, फाटलेल्या कातडीतून शिरलं तर शरीर त्याच्याशी वैर धरू शकतं. एक्झिमा असलेल्या बाळाच्या गालावर दही किंवा डाळीचं पीठ थापताना हे आठवायला हवं. दह्याचा सामू साडेचारच्या आसपास असतो, लिंबाइतका तो जाळणारा नाही. तिथला प्रश्न दुधाच्या प्रथिनांचा आहे.

ही बाजू मांडताना दुसऱ्या टोकाच्या लोकांना मोकळं सोडणं अप्रामाणिक ठरेल. बाळाच्या बॉडीवॉशवर 'सायट्रिक ॲसिड' वाचून ती बाटली फेकून द्या म्हणणारेही चुकतात. तिथे सायट्रिक ॲसिड सामू खाली आणायला, अगदी थोडं घातलेलं असतं, आणि त्यामुळेच ते वॉश साबणापेक्षा चांगलं ठरतं. ह्यालुरॉनिक ॲसिडच्या नावात ॲसिड असलं तरी ते पाणी धरून ठेवणारी मोठी शर्करा आहे. त्यानं कातडी सोलत नाही. आणि कोकणातल्या प्रत्येक बाळाच्या अंगाला लागलेल्या खोबरेल तेलातल्या मेदाम्लांत निम्म्याच्या आसपास वाटा लॉरिक ॲसिडचा असतो. नावाला घाबरून काही साधत नाही. लेबल वाचायची एक रीत आहे: एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं छापले जातात, बाकीचे शेवटी. सायट्रिक किंवा लॅक्टिक ॲसिड यादीच्या शेपटीला, सुगंध आणि परिरक्षकांच्या आसपास असेल तर बहुधा ते सामूसाठी आहे. ग्लायकोलिक, मँडेलिक, सॅलिसिलिक, कोजिक यांची नावं बाटलीच्या पुढच्या बाजूला टक्केवारीसकट मिरवत असतील, तर ती बाटली दोन वर्षांच्या मुलासाठी नाही, मागे कितीही गोंडस चित्र असो.

सामू छापण्याची मागणी अवास्तव नाही. बाळांच्या पावडरीसाठी भारतीय मानकात सामूची चाचणी आहेच. पुणे आणि नाशिकला घेतलेले जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरचे नमुने त्याच चाचणीत बसले नाहीत म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द केला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती कारवाई रद्दबातल ठरवली. नव्यानं तपासलेले नमुने मानकात बसले होते आणि प्रशासनानं लावलेला विलंब न्यायालयाला मान्य झाला नाही. कारवाई योग्य होती की नाही हा वाद तिथे मिटला. पण बाळाच्या त्वचेला लागणाऱ्या वस्तूचा सामू हा सरकारनं मोजण्याचा विषय आहे, हे त्या प्रकरणानं घराघरांत पोचवलं. मग मुलांसाठी म्हणून आम्लाचं लोशन विकणाऱ्यानं त्या बाटलीवर सामू आणि किमान वय ठळक छापावं. ते छापायची तयारी नसेल तर मुलाचं चित्रही छापू नये.

आता मूळ तक्रारींकडे. मुलांना हे ॲसिड लावायचं तरी कशासाठी? दंडावरची आणि मांडीवरची खरखर बहुतेक वेळा केराटोसिस पिलारिस असते. ती निरुपद्रवी आहे, दोन वर्षांच्या मुलाला तिचा त्रास नसतो, त्रास पाहणाऱ्यांना होतो. गालावरचे फिकट डाग पाहून जंत झालेत किंवा कॅल्शियम कमी आहे असं सांगितलं जातं. ते बहुधा पिटिरियासिस अल्बा, म्हणजे कोरड्या, किंचित सुजलेल्या त्वचेचे डाग असतात. त्यावर आम्ल लावलं तर सूज वाढते आणि डाग जास्त दिवस राहतात. साधं मॉइश्चरायझर आणि धीर यांनी ते भरून येतात. थोड्या मोठ्या, वजन जास्त असलेल्या मुलाची मान मखमलीसारखी काळी आणि जाड दिसत असेल तर ते इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असू शकतं. ती मान लिंबानं घासणं म्हणजे आजाराची खूण पुसायला जाणं. तिथे रक्ततपासणी हवी.

आणि उरतो रंग. बहुतेक घरांत हा शब्द उघड उच्चारला जात नाही. 'जरा उजळेल', 'टॅन जाईल', 'जन्मतः छान होती, आता कोमेजली' असं बोललं जातं. दोन वर्षांच्या मुलीचा रंग हा आजार नाही. तो बदलण्यासाठी तिच्या त्वचेचा पहारेकरी थर सोलून काढणं हे तिच्या शरीराशी केलेलं गैरवर्तन आहे, ते प्रेमानं केलेलं असलं तरी. या वयात तिला आपल्या रंगाची जाणीवही नसते. ती जाणीव, कमीपणाच्या रूपात, त्या लेपासोबतच तिला लावली जाते.

पुढे ही सवय कुठे जाते तेही दिसू लागलं आहे. २०२५ मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी ७ ते १८ वर्षांच्या मुलींनी टिकटॉकवर दाखवलेले त्वचेच्या निगेचे १०० व्हिडिओ तपासले. सरासरी सहा उत्पादनं, महिन्याचा खर्च १६८ डॉलर. सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंत त्वचेला त्रास देऊ शकणारे सरासरी अकरा घटक. दिवसाच्या निगेत सनस्क्रीन मात्र जेमतेम चौथ्या हिश्श्यात होतं. स्वीडनमधल्या अपोटेक ह्यार्टाट या औषधदुकानांच्या साखळीनं २०२४ मध्ये आईवडिलांच्या संमतीशिवाय पंधरा वर्षांखालच्या मुलांना ॲसिडयुक्त आणि अ जीवनसत्त्वाची उत्पादनं विकणं थांबवलं. पंधरा वर्षांखालच्या मुलीसाठी एक व्यापारी साखळी एवढं थांबते, तर पंधरा महिन्यांच्या मुलीसाठी आईबापांनी थांबणं अवघड नसावं.

लावायचं काय, याचं उत्तर कंटाळवाणं आहे आणि म्हणून त्याची जाहिरात होत नाही. कोमट पाण्याची छोटी अंघोळ, लागेल तिथेच सौम्य क्लेन्झर, अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर, लंगोटाच्या जागी झिंक ऑक्साइड आणि वेळेवर बदललेला डायपर. एक्झिमा, इक्थिऑसिस किंवा चामखीळ यांसाठी ॲसिड लागणार असेल तर ते कुठल्या जागी, किती टक्के आणि किती दिवस, हे त्वचारोगतज्ज्ञानं त्या मुलाला पाहून ठरवायचं.

आणि चुकून लागलंच, मोठ्या बहिणीची पीलची बाटली धाकट्यानं तोंडाला फासलीच, तर खायचा सोडा किंवा दूध लावून आम्ल मारायच्या भानगडीत पडू नये. कपडे उतरवून ती जागा नळाच्या वाहत्या, बर्फगार नसलेल्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटं धरावी. डोळ्यात गेलं असेल तर डोळा उघडा ठेवून तसंच धुवावं आणि लगेच रुग्णालय गाठावं. गिळलं असेल तर उलटी करवू नये. निघताना बाटली सोबत घ्यावी. तिच्यावरचं ॲसिडचं नाव आणि टक्केवारी डॉक्टरांना लागते.